हळू आवाजातला चरा

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे पॉइंटसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आतून आवडतही होतं. ॲम्प्लिफायर तपासून झाला की ते चिठ्ठीवर एक आकडा लिहीत आणि तो नेहमी 'पॉइंट शून्य'ने सुरू होई. पॉइंट शून्य तीन टक्के. पॉइंट शून्य चार टक्के. एकतीस वर्षं हा माणूस दशांश चिन्हाच्या उजव्या बाजूला राहिला.

मी तक्रार विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कपाट. गिऱ्हाइकांची पत्रं यायची, ती मी वाचायची, नोंदवायची आणि परत आलेल्या ॲम्प्लिफायरच्या पेटीबरोबर तपासणीच्या खोलीत पाठवायची. त्यांच्या खोलीत आणि माझ्या टेबलात एका काचेच्या दाराचं अंतर. ते मला तक्रारबाई म्हणत. हे मात्र तोंडावर.

तपासणी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ॲम्प्लिफायरचं काम बारीक आवाज मोठा करायचं. ते करताना तो आपल्या पदरचंही थोडं मिसळतो. किती मिसळतो ते मोजायचं. एका बाजूने एक शुद्ध सूर आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने जे बाहेर येईल त्यातून तोच सूर गाळून टाकायचा आणि मागे जो गाळ उरेल त्याचं माप घ्यायचं. तो आकडा जितका लहान तितका माल चोख. यात स्पीकर लावतच नाहीत. स्पीकरच्या जागी चिनी मातीचा एक जाडजूड रेझिस्टर असतो, तो सगळी ताकद गिळून नुसता तापतो. थंडीत पॉइंटसाहेब त्यावर हात शेकत. म्हणजे आमच्या कारखान्यातली सगळ्यात शांत खोली कुठली, तर आवाज तपासायची. एकतीस वर्षांत त्या खोलीत कुणी गाणं म्हणून ऐकलं नाही.

आणि मोजायचं ते नेहमी पूर्ण ताकदीवर. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून. तिथे आकडा सगळ्यात देखणा येतो. हळू आवाजावर मोजलं तर मोजणाऱ्या यंत्राचीच खरखर मध्ये लुडबुडते, काटा उगाच चढतो, म्हणून ते माप कुणी खरं धरत नसे. माहितीपत्रकावर छापायला देखणा आकडा हवा होता, वरच्या लोकांना हवा होता आणि पॉइंटसाहेबांना तर तो पोटच्या मुलीपेक्षा प्यारा होता. हे मी रागाने लिहून गेले, पण खोडत नाही.

आमची एक लाकडी पेटीतली जात होती, भरपूर खपलेली. तिच्याबद्दल पत्रं यायची आणि सगळ्या पत्रांचं रडगाणं एकच असायचं. मोठ्याने लावला की झकास, हळू लावला की गाणाऱ्याच्या आवाजावर कुणी टाचणी ओढल्यासारखा चरा उमटतो. एका बाईने लिहिलं होतं की बाळ झोपल्यावर तेवढाच काय तो वेळ मिळतो गाणं ऐकायला आणि तेव्हाच नेमकं हे होतं. मी पत्र आत द्यायची. पॉइंटसाहेब परत आलेली पेटी टेबलावर घेत, बटण शेवटपर्यंत फिरवत, काटा पाहत आणि पत्रावर निळ्या शाईचा शिक्का मारत: 'तपासले. दोष आढळला नाही.' मी पेटी त्याच चऱ्यासकट त्याच माणसाकडे परत पाठवून द्यायची.

कुणी म्हणेल, तुम्ही बोलला का नाहीत? नाही बोलले. मला आकड्यांतलं काय कळतं, असं मी स्वतःला सांगत असे. नोकरी करणाऱ्याला असं बरंच काही स्वतःला सांगावं लागतं.

पॉइंटसाहेबांच्या घरीही तीच लाकडी पेटी होती. बायकोला अर्धशिशीचा त्रास, डोकं धरून पडायची, म्हणून घरात गाणं लावायचं तर अगदी हळू. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. शाळेतून आली की जमिनीवर आडवी होऊन स्पीकरला जवळजवळ कान लावून पडून राहायची. गाण्याच्या शिकवणीला जायची, गळा बरा होता. ती एक दिवस बापाला म्हणाली, "बाबा, आपल्या पेटीत काहीतरी चरचरतं. गाण्याच्या बाईंच्या घरच्या पेटीत नाही चरचरत."

झालं. पॉइंटसाहेबांच्या घरात राहून त्यांच्या पेटीला नाव ठेवायचं म्हणजे काय! त्यांनी रीतसर परीक्षा मांडली. आमच्या पॅकिंग विभागातले एक गृहस्थ आणि मी, अशा दोघांना चहाला बोलावलं. साक्षीदार हवे ना. बायको त्या दिवशी बहिणीकडे गेली होती, म्हणजे घर मोकळं आणि आवाज हवा तेवढा मोठा करायची सोय. एका टेबलावर घरची पेटी आणि कारखान्यातून आणलेली दुसरी, महागातली. मधे पेटी बदलायला एक खटका. मुलीला खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं. दहा वेळा गाणं लागणार, दर वेळी तिने सांगायचं की कुठल्या पेटीतून येतंय.

"बाबा, हळू लावा ना," ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

"हळू कशाला? मोठ्याने लावलं तर दोष आणखी मोठा ऐकू येईल. डोकं वापर."

त्यात लबाडी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दहापैकी पाच बरोबर आले. "पाच!" पॉइंटसाहेब म्हणाले. "नाणं उडवलं तरी पाच येतात. बाळ, तुझ्या कानांत काही नाही, सगळं डोक्यात आहे." पॅकिंगवाले हसले. मीही हसले. माझ्या टेबलाच्या खणात त्या दिवशी शिक्का मारून परत आलेली एकसष्ट पत्रं होती, त्या पोरीचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं करणारी, आणि मी बिस्कीट चहात बुडवून हसत होते.

पोरगी खुर्चीवरून उठली, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि आत गेली. पुढच्या महिन्यात तिने शिकवणी सोडली. का, ते घरात कुणी विचारलं नाही. स्पीकरपाशी ती परत कधी पडलेली दिसली नाही, असं त्यांची बायको मला एकदा म्हणाली होती. मोठी झाली, शिकली, लांबच्या शहरात नोकरी लागली, तिकडेच लग्न केलं. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी सकाळी दहाला फोन. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, गोळ्या घेता ना? चार मिनिटं. पॉइंटसाहेबांनी मोजलेली आहेत, मी माझ्या मनाचं सांगत नाही.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. कारखाना त्याच्याही आधी बंद पडला. आता ते दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात आणि मी दर गुरुवारी दुपारी जाते. माझंही घरी कुणी वाट पाहणारं नाही, तेव्हा उपकार कुणी कुणावर करत नाही. त्यांचं वय शहात्तर. कान गेले आहेत, म्हणजे वरचे बारीक आवाज पार गेले आहेत. कानाच्या डॉक्टरांनी काढून दिलेला स्वतःच्या बहिरेपणाचा आलेख त्यांनी भिंतीवर लावला आहे, लोक नातवंडांचे फोटो लावतात तसा. आलेख दाखवताना म्हणतात, "बघा, चार हजार हर्ट्झनंतर कसा सरळ खाली गेलाय!" जणू दुसऱ्याच कुणाचे कान.

एकदा चहा ओतताना त्यांनी मला विचारलं होतं, "तक्रारबाई, माझं काय चुकलं हो? मारलं नाही, रागावलो नाही, फी कधी थकवली नाही. ती चार मिनिटांच्या वर का बोलत नाही?"

मी बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. मला तेव्हा उत्तर येत होतं की नव्हतं, मलाच सांगता यायचं नाही.

त्यांची ती लाकडी पेटी सकाळपासून चालू असते. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. मध्यंतरी खालच्या मजल्यावर एक नर्स राहायला आली. रात्रपाळी करते, दिवसा झोपते. तिने वर येऊन अगदी अजिजीने सांगितलं की आवाज जरा कमी ठेवाल का? बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ती पेटी हळू लागली. इतकी हळू की त्यांना त्यातलं जेमतेम काही ऐकू यायचं. "मग लावता कशाला?" मी विचारलं. "दिवा लागलेला दिसतो ना," ते म्हणाले.

तर अशाच एका गुरुवारी मी बसले होते. पेटीवर टेप लागली होती, कुणीतरी बाई संथ गात होती. खिडकी बंद, खालची नर्स झोपलेली. आणि मला तो ऐकू आला. प्रत्येक लांबवलेल्या सुराच्या कडेला, बारीक, टाचणीने ओढल्यासारखा चरा. पत्रांत शेकडो वेळा वाचला होता, ऐकत होते पहिल्यांदा.

"साहेब, चरचरतंय हो."

"काय?"

"पेटी. चरचरतेय."

शहात्तर वर्षांचा माणूस असा ताडकन उठलेला मी पाहिला नव्हता. कारखाना बंद होताना त्यांनी मोजायचं यंत्र घरी आणलं होतं, ते कपाटातून निघालं. चिनी मातीचा रेझिस्टर निघाला. स्पीकर सुटले, तारा जोडल्या गेल्या, बटण शेवटपर्यंत फिरलं. "या, बघा! पॉइंट शून्य तीन! चाळीस वर्षं झाली, अजून पॉइंट शून्य तीन! आता बोला."

"पण आपण एवढ्या मोठ्याने कुठे ऐकत होतो?" मी म्हणाले. "जेवढ्यावर ऐकत होतो तेवढ्यावर मोजा की."

"तिथे मोजत नसतात."

"कोण नसतात?"

ते पुन्हा यंत्राकडे वळले. मग बटण मागे फिरवलं, मघाशी होतं तिथपर्यंत. काटा चढला. चढतच गेला. त्यांना यंत्राची मोजपट्टी बदलावी लागली, मग आणखी एकदा बदलावी लागली.

"ही यंत्राची खरखर," ते म्हणाले. पण हात थांबले नव्हते. त्यांनी एक छोटा पडदा जोडला, ज्यावर तो उरलेला गाळ चित्रासारखा दिसतो. नुसती खरखर असती तर पडदाभर गवत दिसलं असतं. गवत नव्हतं. दोन काटे होते, सरळ उभे, प्रत्येक लाटेला त्याच त्या जागी.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग मला समजावून सांगितलं, शिकवावं तसं, बहुधा स्वतःलाच. आत दोन भाग आळीपाळीने काम करतात, एक लाटेचा वरचा अर्धा उचलतो, दुसरा खालचा. दोन हमालांनी ओझं हातोहात द्यावं तसं. देताना निमिषभर ते कुणाच्याच हातात नसतं. मोठ्या आवाजात लाट एवढी उंच असते की ते निमिष त्यात बुडून जातं. हळू आवाजात लाटच चिमूटभर, मग तेवढं निमिषही कानाला लागतं.

"दीड टक्का," ते म्हणाले.

"पॉइंट लावायचा राहिला का?" सवयीने माझ्या तोंडून गेलं. ते हसले नाहीत.

पेटीच्या पोटात एक बारकासा स्क्रू असतो. त्यांनी मागची फळी काढली, पेचकस घेतला आणि तो पाव फेरा फिरवला. पडद्यावरचे काटे बसत गेले आणि गवत उरलं. एवढंच होतं. पाव फेरा. त्याने पेटी थोडी जास्त तापते, म्हणून कारखान्यात तो स्क्रू कुठे ठेवायचा याचं माप ठरवलेलं होतं. ते माप ठरवणारे हेच होते.

स्पीकर परत जोडले. तीच बाई, तितक्याच हळू. "गेला?" त्यांनी विचारलं. त्यांना दोन्ही वेळा सारखंच ऐकू येत होतं, म्हणजे जवळपास काहीच नाही.

"गेला."

त्यांनी पेटीची मागची फळी परत बसवली. मग म्हणाले, "तिने हळू लावा म्हटलं होतं."

"हो. मी होते तिथे."

"तुम्ही हसला होता."

"हसले होते. आणि माझ्या खणात एकसष्ट पत्रं होती. सगळ्यांत हेच. हळू लावलं की."

"ती मला दिली होतीत ना?"

"दिली होती. तोंडाने एकदाही बोलले नाही."

"मी वाचत नव्हतो हो," ते म्हणाले. "वाचायचं काय त्यात? पेटी समोर असायची."

त्यांनी लगेच फोन करायला हवा होता असं मला वाटलं, मी तसं म्हटलंही. पण ते तिला कधी फोन करत नाहीत, तीच करते, आणि मधल्या वारी केला तर पोरगी घाबरेल की म्हाताऱ्याला काय झालं. "रविवारी तुम्ही या," ते म्हणाले. "ती फोनवर बोलते त्यातलं अर्धं मला कळत नाही. हो हो करतो. या वेळी कुणीतरी ऐकणारं हवं." इतकी वर्षं ते हो हो करून चार मिनिटं काढत होते, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

रविवारी मी साडेनऊलाच गेले. त्यांनी दाढी केली होती. फोन टेबलावर, बाहेर सगळ्यांना ऐकू येईल असा करून ठेवलेला. पेटी हळू चालू, तीच टेप. दहाला फोन वाजला.

"बाबा, कशी आहे हवा?"

"हवा राहू दे!" ते ओरडले. ऐकू येत नाही त्या माणसाला आपला आवाजही कळत नाही. "दीड टक्का होता! दीड! हळू आवाजावर दीड टक्का!"

"बाबा, ओरडू नका, येतंय ऐकू. काय दीड टक्का? बरं वाटत नाहीये का?"

मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. ते थांबले, श्वास घेतला आणि मग सरळ सांगितलं. तू अकरा वर्षांची होतीस. खुर्चीवर बसवलं होतं. तू हळू लावा म्हणालीस, मी लावलं नाही. चरा होता. तो हळू आवाजातच होता. तुला ऐकू येत होतं ते खरं होतं, तुझे कान बरोबर होते, चूक मोजण्यात होती, ती माझी होती.

फोन कटला असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून आहे म्हणून सांगितलं.

"भिंतीला एक खिळा होता," ती म्हणाली. "मी सगळा वेळ त्या खिळ्याकडे बघत होते." मग म्हणाली, "मी दोनदा कान तपासून घेतलेत बाबा. मोठेपणी. दोन्ही वेळा ठणठणीत म्हणाले. मला पटलं नाही."

त्यांना हे कळलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन शब्द न शब्द सांगितला. ते खुर्चीत असे खचले की मला वाटलं, आता आपणच काहीतरी बोलायला हवं. पण बोलली तीच.

"ती पेटी चालू आहे का आता?"

"आहे," मी सांगितलं. "मी तक्रारबाई बोलतेय गं. तेव्हा हसलेली."

"आठवतं," ती म्हणाली. तेवढंच. ते मला पोचलं, आणि पोचायलाच हवं होतं. मग म्हणाली, "फोन तिच्याजवळ धरायला सांगा ना बाबांना."

मी सांगितलं. पॉइंटसाहेब फोन घेऊन उठले आणि सवयीने सुरू झाले, "अगं, पण फोनमधून साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, त्यामुळे तुला..." आणि मधेच थांबले. स्पीकरसमोर जाऊन हात लांब करून उभे राहिले. आवाज वाढवला नाही.

ती बाई गात राहिली. तीन मिनिटं झाली, चार झाली. त्यांचा हात खाली यायला लागला, मी खालून मनगटाला आधार दिला. तेव्हा माझा कान फोनपाशी आला. पलीकडे ती गुणगुणत होती. अगदी हळू, सूर चाचपडत, दोन ठिकाणी चुकली, पण गात होती.

"आहे का अजून?" त्यांनी मला विचारलं.

"गातेय," मी म्हटलं.

त्यांनी झटकन फोन कानाला लावला, दाबून धरला, डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना काहीच ऐकू येत नाहीये. वाट पाहून त्यांनी फोन परत स्पीकरसमोर धरला आणि माझ्याकडे वळले.

"नक्की गातेय?"

"मोजून बघता का?"

"नको," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय ना."